शंभर वर्षं न वाढलेला पुरावा

हिममानव आहे की नाही, हा वाद निघाला की लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘इतकी माणसं सांगतात ती काय सगळी खोटारडी? आगीशिवाय धूर निघतो का?’ दुसरा म्हणतो, ‘थोतांड आहे सगळं. अडाण्यांच्या गप्पा.’ पहिला पक्ष सांगणाऱ्याच्या सचोटीवर विसंबतो, दुसरा त्याच्या अडाणीपणावर. सांगितलेली गोष्ट तपासायची तसदी दोघंही घेत नाहीत. श्रद्धाळूंना सुनावणारं कुणीतरी भेटतंच. स्वतःला बुद्धिवादी म्हणवणाऱ्यांना सुनावणारं सहसा कुणी भेटत नाही, म्हणून हा लेख थोडा त्यांच्यासाठीही आहे.

माझं म्हणणं असं. पुरावा विश्वासार्ह आहे की नाही, हे तो कुणी दिला आणि किती जणांनी दिला यावरून ठरत नाही. शोध चालू राहिला की तो पुरावा वाढतो, की होता तेवढाच राहतो, यावरून ठरतं. खऱ्या प्राण्याचा पुरावा शोधणाऱ्याच्या हाती उत्तरोत्तर जास्त लागतो. आज ठसा, उद्या विष्ठा, परवा फोटो, मग हाड, मग पिल्लं. हिममानवाच्या बाबतीत गेली शंभर वर्षं ठसा, केस आणि ‘मी पाहिलं’ एवढ्यावरच गाडी अडली आहे. त्यातला जो जो तुकडा प्रयोगशाळेत गेला तो अस्वल, गोरल, कुत्रा, माणूस असा कुणीतरी ओळखीचाच होऊन बाहेर आला.

अंबरनाथ पश्चिमेला बसून हिमालयाची उठाठेव कशाला, असं कुणी विचारील. कारण सोपं आहे. फॉरेस्ट नाक्यावर उभं राहिलं तर एका बाजूला कल्याण-बदलापूर रस्त्यावरची रिक्षांची गर्दी असते, दुसऱ्या बाजूला जावसईचा डोंगर, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कुंपणामागची झाडी, आणि हवा स्वच्छ असेल तर मलंगगड. अविश्वसनीय वाटणारी प्राण्याची खबर खरी निघू शकते, हे या पट्ट्यातल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. २०१९ च्या सुरुवातीला उल्हासनगरच्या भर वस्तीत बिबट्या शिरला होता. २०२२ च्या नोव्हेंबरात कल्याण पूर्वेच्या एका इमारतीत शिरला आणि त्याला पकडता पकडता वनखात्याचा दिवस गेला. खबर कशी पारखायची, हा प्रश्न आपल्या दाराशीच आहे.

१. साक्षीदार मोजून काय मिळतं?

मे २००१ मधली दिल्ली आठवा. गाझियाबादकडून सुरू झालेली ‘मंकी मॅन’ची आवई काही दिवसांत राजधानीभर पसरली. उकाडा, वीज गेलेली, माणसं गच्चीवर झोपलेली. पोलिसांकडे शेकड्यांनी फोन आले. कुणाला चार फुटांचं काळं माकड दिसलं, कुणाला त्याच्या डोक्यावर हेल्मेट, कुणाला धातूची नखं, कुणाला छातीवरची बटणं. पोलिसांनी रेखाचित्रं काढली, पन्नास हजारांचं बक्षीस लावलं. घाबरून पळताना गच्चीवरून पडून माणसं दगावली. शेवटी हाती काय लागलं? काही नाही. तज्ज्ञांनी जखमा तपासल्या, तेव्हा त्यांना कुठल्याही एका प्राण्याची खूण सापडली नाही. बऱ्याचशा ओरखड्यांची कारणं घरगुती होती.

ती सगळी माणसं खोटं बोलत होती का? मुळीच नाही. अंधारात दचकून उठलेल्या माणसाला काहीतरी दिसलं असणारच. पण ते ‘काहीतरी’ आकाराला आलं ते आदल्या दिवशीच्या बातमीतून. साक्षीदारांच्या संख्येला वजन येतं ते साक्षी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच. शंभर माणसांनी एकच बातमी ऐकून शंभर फोन केले, तर ती साक्ष एकच असते. तिचे शंभर पडसाद उमटतात एवढंच.

दिल्लीच्या या प्रकरणातली आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलून दाखवत नाही. साक्षी वाढल्या तसं वर्णन नेमकं होत गेलं नाही, उलट पसरत गेलं. खऱ्या प्राण्याच्या बाबतीत याच्या उलट घडतं. बिबट्या दहा जणांना दिसला तर दहाव्याच्या वर्णनानंतर तो नर की मादी, लंगडतो का, कुठल्या ओढ्यानं येतो-जातो, इथवर मजल जाते.

२. बत्तीस इंचांचं गणित

आता हिमालय. २९ एप्रिल २०१९ रोजी भारतीय सैन्याच्या अधिकृत ट्विटर खात्यावरून बर्फातल्या पावलांचे फोटो प्रसिद्ध झाले. सैन्याच्या गिर्यारोहण पथकाला ९ एप्रिलला नेपाळमधल्या मकालू बेस कॅम्पजवळ ‘यती’ची, म्हणजे हिममानवाची, पावलं दिसली, माप ३२ गुणिले १५ इंच. त्या आठवड्यात लोकलच्या डब्यात दुसरा विषय नव्हता. सैन्य सांगतंय म्हणजे खोटं कसं असेल, हा सूर होता. सैन्याच्या शब्दाला मान आहे तो सीमेच्या बाबतीत. पावलाचा ठसा कुणाचा, हा प्राणिशास्त्राचा प्रश्न आहे. तिथे हवालदार आणि हमाल यांची साक्ष सारख्याच मोलाची. नेपाळी सैन्याच्या प्रवक्त्यांनी लगोलग सांगितलं, की सोबतच्या स्थानिक वाटाड्यांच्या मते ही अस्वलाची पावलं होती. ती बातमी आतल्या पानावर गेली.

पण अस्वल क्षणभर बाजूला ठेवू आणि माप खरं धरून चालू. माणसाच्या पावलाची लांबी उंचीच्या साधारण १५ टक्के असते. ३२ इंच म्हणजे ८१ सेंटिमीटर. या हिशेबानं प्राण्याची उंची भरते ५.४ मीटर, जवळजवळ अठरा फूट. माणसाच्या सुमारे सव्वातीन पट. उंची सव्वातीन पट झाली की तळव्याचं क्षेत्रफळ दहा पट वाढतं, पण वजन वाढतं तिसऱ्या घातानं, म्हणजे सुमारे चौतीस पट. पासष्ट किलोच्या माणसावरून मोजलं तर दोन टन. तळव्याच्या प्रत्येक चौरस इंचावर माणसाच्या तिप्पट भार येणार. म्हणजे शेजारी उभ्या जवानाच्या बुटाचा ठसा आणि हा ठसा यांच्या खोलीत फरक दिसलाच पाहिजे. हे मोजायला फुटपट्टी पुरते.

दोन टनांचा, दोन पायांवर चालणारा प्राणी झाडोरा नसलेल्या बर्फात खातो काय, हा प्रश्न तर पुढचाच.

मग ३२ इंच आले कुठून? बर्फातला ठसा म्हणजे चिखलातला ठसा नव्हे. अस्वल चालताना मागचा पाय बऱ्याचदा पुढच्या पायाच्या ठशावर किंवा किंचित मागे टाकतं. दोन ठसे मिळून एक लांबट ठसा होतो. उन्हानं त्याच्या कडा वितळतात, मधली भिंत खचते, बोटांच्या खुणा रुंदावतात. रात्री तो गोठतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरतो. दोन-तीन दिवस असे गेले की अस्वलाचं पाऊल राक्षसाचं होतं, आणि त्यात कुणाचाही खोडसाळपणा नसतो.

हिममानवाच्या पुराव्यातला सर्वांत गाजलेला फोटो एरिक शिप्टन यांनी १९५१ मध्ये मेनलुंग हिमनदीवर काढला. शेजारी मापासाठी बर्फाची कुऱ्हाड ठेवलेला तो ठसा अजूनही पुस्तकांतून फिरतो. त्याच मोहिमेतला पावलांच्या लांबच लांब रांगेचा फोटोही सोबत छापला जायचा. ती रांग वेगळ्याच प्राण्याची होती, हे सोबती मायकेल वॉर्ड यांनी पुढे स्पष्ट केलं. तोवर दोन्ही चित्रं वाचकांच्या मनात कायमची जोडली गेली होती. १९५१ मध्ये एक ठसा, २०१९ मध्येही ठसेच. मधल्या अडुसष्ट वर्षांत ना पिल्लाचा ठसा, ना बसल्या जागेची खूण, ना ठशांच्या शेवटी उभा प्राणी.

३. दोन बोटं

‘शास्त्रज्ञ मुळातच बंद डोक्याचे, कितीही पुरावा द्या, ते मानणार नाहीत,’ हा आक्षेप मला सर्वांत जास्त ऐकू येतो. त्याचं उत्तर दोन बोटांत आहे.

पहिलं बोट नेपाळमधल्या पांगबोचे मठातलं. तिथे हिममानवाचा म्हणून एक सुकलेला पंजा जपलेला होता. पीटर बर्न या शोधकानं १९५९ मध्ये त्यातलं एक बोट काढून नेलं. ते भारतातून बाहेर काढायला मदत केली हॉलिवूडचा नट जेम्स स्टुअर्ट आणि त्याच्या बायकोनं, तिच्या सामानात दडवून. पुढे ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहात पडून राहिलं. २०११ मध्ये एडिंबरातल्या प्रयोगशाळेत त्याची डीएनए तपासणी झाली. बोट माणसाचं निघालं.

दुसरं बोट सैबेरियातल्या डेनिसोवा गुहेतलं. २००८ मध्ये तिथे करंगळीच्या हाडाचा एक तुकडा मिळाला, नखाएवढा. त्याच्याबद्दल ना दंतकथा होती, ना साक्षीदार. त्यातून काढलेला डीएनए आजच्या माणसाशीही जुळला नाही आणि निअँडरथल माणसाशीही. २०१० मध्ये स्वांते पेबो आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं, की मानवकुळातली एक संपूर्ण शाखा आजवर आपल्याला ठाऊकच नव्हती. जगानं ते मानलं. पेबो यांना २०२२ मध्ये नोबेल मिळालं.

एका वर्षाच्या अंतरानं दोन बोटं. बंद डोक्याच्या शास्त्रज्ञांनी करंगळीच्या एका तुकड्यावरून आख्खी मानवजात मान्य केली. ‘माणसासारखा पण माणूस नव्हे’ असा जीव मान्य करायला त्यांचा विरोध असता तर ही संधी त्यांनी सोडली नसती.

महाकाय वानराचंही तेच. राल्फ फॉन केनिग्सवाल्ड यांना १९३५ मध्ये हाँगकाँगमधल्या औषधी दुकानात एक प्रचंड दाढ मिळाली. त्या दाढेवरून त्यांनी ‘जायगँटोपिथेकस’ हे नाव दिलं. पुढे दक्षिण चीनच्या गुहांतून हजारावर दात आणि काही जबडे मिळाले. आपल्याकडे हिमाचलात हरितल्यांगरजवळ एका मोठ्या वानराचा जबडा मिळाला. माणसाहून कितीतरी थोराड वानर या खंडात होऊन गेलं, हे आज पाठ्यपुस्तकात आहे. हिममानववाले याचा आधार घेतात: तोच उरला असेल की. पण तो दक्षिण चीनच्या उष्ण जंगलातला, झाडपाल्यावर जगणारा होता. तो ओरांगउटानचा नातेवाईक, हे २०१९ मध्ये दाढेच्या वेष्टनातल्या प्रथिनांवरून कळलं. जंगल विरळ झालं तशी त्याची जात दोन ते तीन लाख वर्षांपूर्वी संपली. बर्फात राहायला तो कधी आलाच नाही. आणि लाखो वर्षांपूर्वी मेलेल्याचे दात जर पोत्यानं मिळतात, तर आज जिवंत असलेल्याचा एकही दात मिळू नये?

४. प्रयोगशाळेत गेलं की काय होतं

खुमजुंग मठातली हिममानवाची टाळू एडमंड हिलरी यांनी १९६० मध्ये गावकऱ्यांच्या परवानगीनं, त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्याला सोबत घेऊन शिकागो, पॅरिस, लंडनला नेली. ती सेरो नावाच्या शेळीवजा डोंगरी प्राण्याच्या कातड्याला साच्यावर ताणून केलेली निघाली. हिलरी शोधाला निघाले होते ते थट्टा करायला नव्हे. मोहिमेत प्राणिशास्त्रज्ञ होते, साधनं होती.

मेघालयात गारो टेकड्यांत मांदे बुरुंग नावाच्या केसाळ, दोन पायांच्या जिवाची परंपरा आहे. तिथून मिळालेले केस २००८ मध्ये ऑक्सफर्डला गेले. पहिल्या सूक्ष्मदर्शी तपासणीत ते ओळखीच्या प्राण्यांशी जुळेनात, तेव्हा जगभर बातमी झाली. काही महिन्यांनी डीएनए झाला आणि ते हिमालयी गोरल या शेळीवजा प्राण्याचे निघाले. ती बातमी किती जणांनी वाचली? इथे मला गारो टेकड्यांतल्या शोधकांचं कौतुक वाटतं. त्यांनी केस लपवले नाहीत, तपासायला दिले. बंद पेटीत ठेवून दर्शनाला पैसे घेणाऱ्यांपेक्षा ही माणसं विज्ञानाच्या कितीतरी जवळची.

ब्रायन सायक्स या ऑक्सफर्डच्या जनुकशास्त्रज्ञानं तर जगभर आवाहन करून असे केस मागवले. २०१४ मध्ये त्यांनी तीस नमुन्यांचे निकाल छापले: अस्वल, घोडा, गाय, लांडगा, माणूस. दोन हिमालयी नमुने मात्र प्राचीन ध्रुवीय अस्वलाशी जुळतात, असं त्यांनी म्हटलं आणि खळबळ उडाली. इतरांनी तोच डेटा पुन्हा तपासला, चूक दाखवली. ती साधी हिमालयी तपकिरी अस्वलं होती. सायक्स यांच्या गटानं चूक मान्य केली. २०१७ मध्ये शार्लट लिंडक्विस्ट यांच्या गटानं ‘यती’ म्हणून जपलेले नऊ नमुने घेतले, हाडं, दात, कातडी, विष्ठा. आठ अस्वलं, एक कुत्रा.

पहिल्या मुद्द्यात जे दिसलं तेच इथे. तपासणी जितकी बारीक, तितका हिममानव लहान होत जातो. रायनहोल्ड मेसनर, आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरं सर्वांत आधी चढलेला माणूस, त्यानं १९८६ मध्ये तिबेटात असा प्राणी प्रत्यक्ष पाहिला. बारा वर्षं त्याचा माग काढला आणि निष्कर्ष काढला, की ते अस्वल होतं. अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं, हे त्याला सांगायला कुणी शहरातला बुद्धिवादी लागला नाही.

५. खानदेशचा रानपिंगळा आणि कर्नलसाहेब

आता बुद्धिवाद्यांच्या वाटणीचं. प्रतिष्ठित माणसाचा शब्द आणि संग्रहालयातला नमुना हाच पुरावा, बाकी गप्पा, असं मानणाऱ्यांनी ही गोष्ट ऐकावी.

रानपिंगळा हे मध्य भारतातलं छोटं घुबड. १८८४ नंतर ते कुणाला खात्रीनं दिसलं नाही. अपवाद एकच: कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन, ब्रिटिश सैन्याधिकारी, नामांकित पक्षीतज्ज्ञ. त्यांच्याजवळ १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मारलेला नमुना होता, ब्रिटिश संग्रहालयात जमा, चिठ्ठीसकट. पुढच्या शोधमोहिमा त्या चिठ्ठीच्या भरवशावर गेल्या आणि रिकाम्या हातानं परतल्या. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी नमुना क्ष-किरणांखाली धरला, पेंढा आणि शिवण पाहिली. तो पक्षी मुळात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला होता. कर्नलसाहेबांनी तो पळवून, उसवून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावली होती. रासमुसेन यांनी कर्नलची चिठ्ठी बाजूला सारली आणि जुन्या, खऱ्या नोंदींच्या जागी शोध घेतला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा दिवसाउजेडी फांदीवर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी.

मग पुराव्यानं काय केलं? तो वाढला. मेळघाटात मिळाला, मध्य प्रदेशात मिळाला, २०१४ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात तानसा अभयारण्यात मिळाला. आवाज ध्वनिमुद्रित झाले, घरटी सापडली, पिल्लं मोजली गेली.

ऑर्डनन्समध्ये काम केलेल्या माणसाला हे पटकन कळेल. भाग गेजमध्ये बसतो की नाही, एवढंच इन्स्पेक्टर बघतो. तो फोरमननं केला की अॅप्रेंटिसनं, हे विचारत नाही. कर्नलचा नमुना गेजमध्ये बसला नाही. खानदेशच्या जंगलातला पक्षी बसला.

६. आक्षेप

‘नवे प्राणी अजून सापडतातच की.’ सापडतात, आणि म्हणूनच हिममानवाचं न सापडणं बोलकं आहे. अरुणाचलात २००५ मध्ये मुंझाला हे नवं माकड जाहीर झालं. मकाक गटातली नवी जात त्याआधी शंभर वर्षं कुणी नोंदवली नव्हती. भारतीय संशोधकांना ते कळपानं दिसलं, फोटो निघाले, गावकरी त्याला पिकावरून हाकलत होते. व्हिएतनाममध्ये १९९२ मध्ये साओला हा गाई-बैलांच्या कुळातला प्राणी ‘सापडला’ तो शिकाऱ्यांच्या घराच्या भिंतीवर टांगलेल्या शिंगांच्या रूपानं. दोन्हीकडे स्थानिकांचं बोलणं खरं होतं आणि त्या बोलण्याला शिंग, कातडं, पिकाचं नुकसान जोडलेलं होतं.

‘तो लाजरा आहे, निशाचर आहे, माणसाला टाळतो.’ बिबट्याही टाळतो. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या म्हाताऱ्या नराला, ‘आजोबा’ला, विद्या अत्रेय यांच्या चमूनं जीपीएस पट्टा लावून माळशेज घाटात सोडलं. तो कसाऱ्यावरून, रेल्वे आणि महामार्ग ओलांडत, वसईची खाडी पोहून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाशी पोचला. सुमारे १२० किलोमीटर, आणि वाटेत कुणाला त्याचा पत्ताही नाही. लपण्यात याच्याहून तरबेज कोण? तरी २०११ च्या डिसेंबरात घोडबंदरकडे महामार्गावर गाडीखाली मेला, तेव्हा शेपटीतल्या चिपवरून तो आजोबाच, हे कळलं. लाजऱ्या प्राण्याचाही शेवटी मृतदेह असतो. त्याच उद्यानात २०१५ मध्ये कॅमेऱ्यांनी ३५ बिबटे अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक करून ओळखले.

हिमालयातलं उदाहरण हवं असेल तर हिमबिबट्या घ्या. तोही अतिशय दुर्मीळ आणि अबोल प्राणी. भारतानं २०१९ ते २०२३ या काळात त्याची मोजणी केली. १,९७१ ठिकाणी कॅमेरे लावले, २४१ वेगवेगळे हिमबिबटे टिपले आणि देशातली संख्या ७१८ असल्याचा अंदाज २०२४ च्या जानेवारीत जाहीर झाला. त्या कॅमेऱ्यांपुढून कोल्हे गेले, भरल गेले, अस्वलं गेली. आणि हिममानव एकटा असून भागत नाही. शंभर वर्षं दिसत राहायचं तर आईबाप, पिल्लं, निदान शेकड्यांची संख्या हवी. कॅलिफोर्नियात ब्लफ क्रीकला १९६७ मध्ये टिपलेली, तिकडचा हिममानव समजल्या जाणाऱ्या बिगफूटची मिनिटभराची फिल्म अजूनही त्या पंथाचा सर्वोत्तम पुरावा मानली जाते. तेव्हा फिल्म कॅमेरा मोजक्यांकडे होता, आज प्रत्येकाच्या खिशात आहे, तरी फिल्म तीच.

‘पुरावा नाही म्हणजे प्राणी नाही, असं थोडंच?’ कुठे शोधलं यावर ते अवलंबून आहे. न शोधलेल्या कपाटात अंगठी नाही, असं म्हणता येत नाही. सगळे खण उपसून झाल्यावर मात्र ती तिथे नाही, असंच शहाणा माणूस म्हणेल.

‘मग शेर्पांची, गारोंची परंपरा खोटी?’ या आक्षेपापाशी मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सर्वांत चुकीचं उत्तर इथेच दिलं जातं. ठाणे-पालघरच्या वारल्यांचा वाघोबा घ्या. पाड्याच्या वेशीवर दगडात किंवा लाकडात कोरलेला वाघोबा असतो, त्याला मान द्यायचा, वर्षातून एकदा नैवेद्य दाखवायचा. वाघोबाची डीएनए तपासणी कर, असं कुणी म्हणत नाही, आणि वाघोबा मानणारा वारली खऱ्या बिबट्याचा माग अचूक सांगतो. दोन्ही गोष्टी त्याच्या मनात सुखानं नांदतात. हिममानवाला प्राणिशास्त्राच्या चौकटीत कोंबण्याचा हट्ट बाहेरून आलेल्या मोहिमांनी आणि वर्तमानपत्रांनी धरला. मठातली टाळू विधीसाठी होती. तिला शास्त्रीय नमुना आपण केलं आणि नापास झाली म्हणून मठाला खोटं ठरवलं. नेपाळ सरकारनं तर १९५० च्या दशकात हिममानवाच्या शोधमोहिमांसाठी नियम केले. पाच हजार भारतीय रुपये शुल्क, स्वसंरक्षणाखेरीज मारायचं नाही, फोटो सरकारकडे द्यायचे. परवाना फी वसूल झाली, प्राणी मिळाला नाही. त्या व्यवहारात शहाणं कोण ठरलं, हे सांगायला नको.

७. जावसईची खबर

समजा, उद्या सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर दोन निरोप आले. एक: जावसईच्या डोंगराखाली रात्री बिबट्या दिसला. दुसरा: त्याच ठिकाणी दोन पायांवर चालणारं केसाळ धूड दिसलं. दोन्ही सांगणारी माणसं भली, दोघांनीही मोबाइलवर अंधुक व्हिडिओ काढलेला. दोघांना सारखंच वागवायचं का?

ऐकून घेण्यात सारखंच वागवायचं. पारखताना सारखं वागवता येणार नाही. बिबट्याच्या बातमीमागे शंभर मैलांच्या टापूतली हाडं, ठसे, पट्टे, पंचनामे उभे आहेत. तिला आणखी एक व्हिडिओ मिळाला की पुरतं. केसाळ धुडामागे काहीच उभं नाही, त्यामुळे त्याला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागेल: केस, विष्ठा, जागा, वेळ, मापपट्टी ठेवून काढलेला फोटो, आणि तोही पाऊस येण्याआधी. यात सांगणाऱ्याचा अपमान नाही. ‘वेड लागलंय का’ म्हणून त्याला गप्प बसवणाऱ्या बुद्धिवाद्यानं मात्र नुकसान केलं. कारण अंधारात दोन पायांवर उभं राहिलेलं ते धूड खरोखर काहीतरी असेलच, आणि ते काय होतं हे कळायची वाटच त्यानं बंद केली. व्हिडिओ न तपासता पुढे ढकलणाऱ्यानं केलेलं नुकसान याहून वाईट. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून, भिक्षेसाठी आलेल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. तिथेही प्रत्येकानं ‘कुणीतरी पाहिलंय’ एवढंच ऐकलं होतं.

‘मग शोध सोडून द्यायचा?’ हा शेवटचा आक्षेप, आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. २०१९ चाच वसंत. मकालूजवळ सैन्याचं पथक ठशांचे फोटो काढत होतं, त्याच सुमाराला सगरमाथा राष्ट्रीय उद्यानात एक शास्त्रीय मोहीम एव्हरेस्टच्या पायथ्याचं पाणी आणि प्राण्यांची विष्ठा पिशव्यांत भरत होती. पाच हजार मीटरच्या वर, एकमेकींपासून सहा किलोमीटरवरच्या दोन जागी उचललेल्या विष्ठेचा डीएनए झाला आणि २०२३ मध्ये जाहीर झालं, की एव्हरेस्टच्या अंगाखांद्यावर पॅलसचं मांजर राहतं. घरच्या मांजराएवढं, दाट केसांचं, दगडात मिसळून जाणारं. त्या भागात ते आहे याची कुणाला कल्पना नव्हती. ना त्याची दंतकथा, ना त्याच्या शोधाला परवाना फी. सगरमाथा आणि मकालू-बरुण ही दोन राष्ट्रीय उद्यानं एकमेकांना लागून आहेत. एका उद्यानात चार किलोच्या मांजराची विष्ठा सापडते, तर शेजारच्या उद्यानात दोन टनांच्या प्राण्याची का सापडत नाही, एवढंच मला हिममानववाल्यांना विचारायचं आहे.